आकाशातला चंद्र आणि पंचांगातला चंद्र

ब्राउनश्वाइगमधल्या वेंडेनग्राबेन या गल्लीत १७७७ च्या वसंतात एका कष्टकऱ्याच्या घरी मुलगा झाला. बाप गवंडीकामापासून पडेल ते काम करणारा. आई पूर्वी मोलकरीण होती, तिला लिहितावाचता जवळजवळ येतच नव्हते. मुलाची जन्मतारीख तिने कुठे टिपून ठेवली नाही. तिच्या लक्षात राहिले ते एवढेच, की तो बुधवार होता आणि येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस अवकाश होता. आपल्याकडच्या आज्या ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘पानशेतच्या पुराच्या साली’ असे सांगत, त्यातलाच हा प्रकार.

स्वर्गारोहणाचा सण ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी येतो आणि ईस्टर दरवर्षी जागा बदलतो. तेव्हा जन्मतारीख काढायची तर १७७७ सालचा ईस्टर आधी काढायला हवा. हा मुलगा म्हणजे कार्ल फ्रीडरिश गाऊस. युरो येण्यापूर्वी ज्यांनी इथे दिवस काढले त्यांना तो १० मार्कांच्या नोटेवरून ओळखीचा असेल. १८०० च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने फॉन झाख यांच्या खगोलशास्त्राच्या मासिकात कोणत्याही वर्षाचा ईस्टर काढण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. स्वतःची जन्मतारीख शोधण्यासाठी ती काढली असे सांगतात. रीत मात्र इतकी सोपी आहे की पाचवी-सहावीतल्या मुलांनाही जमेल, म्हणून इथे देतो.

वर्षाला १९ ने भागून उरते ती बाकी ‘अ’, ४ ने भागून ‘ब’, ७ ने भागून ‘क’. १९ गुणिले अ, अधिक २३, याला ३० ने भागून बाकी ‘ड’. मग दुप्पट ब, चौपट क, सहापट ड आणि ३ यांच्या बेरजेला ७ ने भागून बाकी ‘ई’. ईस्टर म्हणजे २२ मार्च अधिक ड अधिक ई. १७७७ साठी अ १०, ब १, क ६. ड येतो ३ आणि ई येतो ५. २२ अधिक ३ अधिक ५, म्हणजे ३० मार्च. त्यात ३९ दिवस मिळवले की ८ मे, आणि त्याच्या आठ दिवस आधी बुधवार, ३० एप्रिल १७७७. झाली जन्मतारीख! (हे २३ आणि ३ अठराव्या शतकासाठी. १९०० ते २०९९ या काळासाठी त्यांच्या जागी २४ आणि ५ घ्यायचे. दोन बारीक अपवाद आहेत, ते १९५४ आणि १९८१ साली लागले. त्या दोन्ही वर्षी सूत्राच्या उत्तरातून एक आठवडा वजा करावा लागतो.)

आता गंमत पाहा. ईस्टरची व्याख्या बहुतेकांनी ऐकलेली असते: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. ही रीत ऐकून वाटते की गाऊसने चंद्राची गती गणितात बसवली. तसे नाही. त्याने बसवला तो चर्चचा चंद्र. चर्चच्या हिशेबात वसंतसंपात कायमचा २१ मार्चला असतो, मग आकाशात तो २० ला होवो की २१ ला. आणि चर्चची पौर्णिमा एका ठरीव कोष्टकातून येते, दुर्बिणीतून नव्हे. बहुतेक वर्षी दोन्ही चंद्र एकमेकांच्या जवळ राहतात. कधी मात्र राहत नाहीत. २०१९ साली खरा संपात २० मार्चला झाला, खरी पौर्णिमा काही तासांनी, २१ मार्चच्या पहाटे. आकाशाप्रमाणे ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. जर्मनीतल्या शाळांना सुट्टी मिळाली ती २१ एप्रिलच्या ईस्टरची! कोणी मोर्चा काढला नाही. कारण हा चंद्र आकाशातला नाही, ठरवलेला आहे, हे चर्च उघडपणे सांगते.

पण इथवर यायला याच मुलखाला ७६ वर्षे लागली, आणि ती कथा मला गाऊसच्या सूत्रापेक्षाही बोधप्रद वाटते. पोप ग्रेगरीने १५८२ साली दिनदर्शिका सुधारली. सुधारणा गणिताच्या दृष्टीने चांगली होती, पण ती पोपची होती. लुथरपंथी संस्थानांनी ती सव्वाशे वर्षे मानली नाही. अखेर १७०० साली त्यांनी १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च घेऊन अकरा दिवस गाळले, पण मान तुकवली असे दिसू नये म्हणून ईस्टरचा नियम वेगळा केला. आम्ही चर्चचे कोष्टक घेणार नाही, आम्ही खरा संपात आणि खरी पौर्णिमा घेणार. त्यासाठी केप्लरची रुडोल्फीय कोष्टके आणि ट्युको ब्राहेच्या उरानिबोर्ग वेधशाळेचे रेखावृत्त मुक्रर झाले. म्हणजे आकाश खरे, पण कुठल्या गावावरचे आकाश, हे तरी ठरवावेच लागले. त्याच वर्षी लाइब्निझच्या खटपटीने बर्लिनची विज्ञान अकादमी निघाली आणि तिच्या खर्चाची सोय दिनदर्शिका छापण्याच्या मक्तेदारीतून केली गेली. हा लाइब्निझ आपल्या शेजारच्या वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयाचा प्रमुखही होता. दिनदर्शिकेच्या धंद्यात पैसा असतो हे ‘कालनिर्णय’च्या कितीतरी आधी जर्मनांना ठाऊक होते.

विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर लुथरपंथीयांचा नियम सरस होता. परिणाम काय झाला? १७२४ साली त्यांचा ईस्टर ९ एप्रिलला आणि कॅथलिकांचा १६ एप्रिलला आला. लायप्झिशला योहान सेबास्टियन बाखने आपली संत योहानची ‘पॅशन’ ७ एप्रिलच्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा सादर केली, तेव्हा कॅथलिक जर्मनीत गुड फ्रायडेला अजून आठवडा बाकी होता. १७४४ साली पुन्हा तेच: इकडे २९ मार्च, तिकडे ५ एप्रिल. ब्राउनश्वाइगहून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवरचे हिल्डेसहाइम घ्या. तिथे राज्य कॅथलिक बिशपचे आणि प्रजेत दोन्ही पंथांचे लोक. एकाचा उपास तर शेजाऱ्याची मेजवानी, अशा आठवड्यात बाजारहाट, सुट्ट्या, मजुरी यांचे काय झाले असेल याची कल्पना करावी. १७७८ साली हे तिसऱ्यांदा होणार असे गणितावरून दिसत होते. तेव्हा १७७६ मध्ये प्रॉटेस्टंट संस्थानांनी खऱ्या चंद्राचा नाद सोडला आणि सर्वांनी एकच कोष्टक मान्य केले. गाऊसच्या आईने ज्या सणापासून दिवस मोजले, त्याचा नियम या गावात जेमतेम एक वर्षाचा होता!

म्हणजे अधिक खरा नियम टाकून कमी खरा नियम घेतला गेला, आणि मला वाटते ते शहाणपणाचे झाले. इथे एक जुना आणि अवघड प्रश्न समोर येतो. एखादी गोष्ट कशाच्या आधारावर मानायची याचे नियम, त्या गोष्टीतून आपल्याला काय साधायचे आहे यावर अवलंबून असावेत का? ‘सत्य ते सत्य’ असे आपण शाळेत शिकतो. पण ईस्टरचा हेतू चंद्राचे स्थान कळणे हा नव्हता; सर्वांनी एका दिवशी सण करणे हा होता.

मात्र गाऊसच्याच चरित्रात याची दुसरी बाजू आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या पियाझ्झीला सेरेस हा नवा लघुग्रह दिसला. ११ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ४१ दिवस, त्याने तो पाहिला, मग सेरेस सूर्याच्या झगमगाटात दिसेनासा झाला. वर्षाच्या शेवटी तो पुन्हा कुठे उगवेल? नामवंतांनी अंदाज बांधले. गाऊस त्या वेळी ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांडच्या वर्षासनावर ब्राउनश्वाइगमध्ये राहत होता. त्याच्याजवळ वेधशाळा नव्हती, कागद आणि शाई होती. त्याने काढलेली जागा इतरांहून बरीच वेगळी होती. फॉन झाखने डिसेंबरात आणि ओल्बर्सने १ जानेवारी १८०२ रोजी सेरेस शोधला, तो गाऊसने सांगितलेल्या जागेजवळ. इथे सर्व संस्थानांनी एकमत करून ‘सेरेस अमुक ठिकाणी मानू’ असे ठरवून भागले असते का? दुर्बीण तिकडे लावली असती आणि तिथे अंधार दिसला असता.

एकाच माणसाने दीड वर्षाच्या आत, एकाच गावात बसून, दोन तऱ्हेचे गणित केले. एकात ठरलेला चंद्र, एकात खरा ग्रह. त्याचा गोंधळ झाला नाही. महाराष्ट्रात मात्र नेमका याच दोन तऱ्हांचा गोंधळ झाला आणि तो शंभर वर्षे पुरला.

आपल्याकडची पंचांगे साडेतीनशे वर्षे प्रामुख्याने एका ग्रंथावर चालली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ लिहिला. ज्या, कोटिज्या वगैरे त्रिकोणमितीची कटकट त्यांनी काढून टाकली. अकरा अकरा वर्षांची ‘चक्रे’ पाडून आकडे लहान केले. खेड्यातल्या जोशाला खडूने पाटीवर पंचांग करता यावे असा तो ग्रंथ आहे. तिथीसाठी त्यांची ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टके तर त्याहून सुटसुटीत. वापरणाऱ्याच्या सोयीचा इतका विचार करणारा गणिती ग्रंथ विरळाच, आणि गाऊसच्या ईस्टर-सूत्राशी त्याचे नाते जवळचे आहे.

तीनशे वर्षांत लहान चुका साठत गेल्या. शिवाय एक मोठी चूक मुळातच होती, आणि ती फार शिकवून जाते. चंद्राची गती सरळ नाही. तिच्यातला एक मोठा चढउतार आपल्या जुन्या ज्योतिषांनी उत्तम पकडला होता. पण आणखी काही चढउतार असे आहेत की त्यांचा परिणाम अमावास्या-पौर्णिमेला जवळजवळ वेगळा दिसत नाही आणि अष्टमीच्या सुमारास सर्वांत जास्त होतो. जुने गणित तपासले जाई ग्रहणांवर. ग्रहणे फक्त अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. त्यामुळे ग्रहणे बरी जुळत आणि अष्टमीची वेळ काही तासांनी चुकत असे, ते कोणाच्या लक्षात येत नसे. ज्या कामासाठी नियम घासून घेतला, त्या कामापुरता तो चकचकीत झाला. बाकीच्या बाजू तशाच राहिल्या. हेतू असा गुपचूप आपल्या ज्ञानात शिरतो. कोणी खोटे बोलत नसते, तिकडे कोणी पाहिलेले नसते एवढेच.

हे बदलायचा पहिला मोठा प्रयत्न केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. केरूनाना १८२५ साली अलिबागजवळच्या नागावचे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्यांनी काम केले, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवले; टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत छापली आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने आकाशाशी जुळणारे पंचांग सुरू झाले. लोक त्याला पटवर्धनी किंवा केरोपंती पंचांग म्हणत. काशीला मूळचे महाराष्ट्रातलेच बापूदेव शास्त्री यांनीही इंग्रजी नाविक पंचांगावरून तसेच शुद्ध पंचांग काढले.

विरोध लगेच उभा राहिला. विरोधकांना हसण्याआधी त्यांचे म्हणणे नीट ऐकावे. शास्त्रीमंडळी म्हणत: ग्रहण, ग्रहांची युती या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत, त्या नव्या गणिताने खुशाल काढा. पण एकादशीचे पुण्य किंवा श्राद्धाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, ते अदृष्ट आहे. ते शास्त्रावरून कळते, तेव्हा त्याची तिथीही शास्त्रातल्या गणितानेच काढली पाहिजे. दृष्टासाठी एक नियम, अदृष्टासाठी दुसरा. तिथी जास्तीत जास्त पाच घटका वाढते आणि सहा घटका घटते, ही ‘बाणवृद्धी रसक्षय’ची मर्यादा त्यांना प्रमाण होती. खऱ्या चंद्राची तिथी ही मर्यादा ओलांडते, म्हणून ती तिथी धर्मकार्याला चालणार नाही!

हे म्हणणे अडाणीपणाचे नाही. चर्चही तेच म्हणते: आमच्या सणाचा चंद्र आमच्या कोष्टकातला. शास्त्रीमंडळींनी एवढेच उघड म्हटले असते, की ‘तिथी ही आम्ही ठरवलेली मोजणी आहे, आकाशातल्या चंद्राशी तिचा ढोबळ संबंध आहे’, तर त्यांच्या बाजूने पुष्कळ बोलता आले असते. पण पंचांग तसे म्हणत नव्हते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातले बारा बारा अंशांचे अंतर, ही व्याख्या त्यांनाही मान्य होती. संकष्टीचा चंद्रोदय त्याच पानावर छापलेला असे, आणि तो पाहायला बायका अंगणात येत. शिवाय ज्यांच्या नावाने हे चालले होते त्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघवातच सांगून ठेवले आहे की कोणता ग्रह कोणत्या सिद्धांतातून घेतला म्हणजे आकाशाशी जुळतो. म्हणजे त्यांनी जुने ग्रंथ आकाशावर तपासून, न जुळणारे भाग सोडून, नवा ग्रंथ केला. त्यांचा ग्रंथ न तपासता धरून बसणे ही त्यांच्याच रीतीशी फारकत होती. आणि ‘दिसते तिथे नवे, दिसत नाही तिथे जुने’ या तोडग्यात एक अवघड जागा आहे. चूक पकडली जाईल तिथे काळजी घ्यायची आणि पकडली जाणार नाही तिथे नाही, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. हेतूप्रमाणे नियम वेगळा असावा हे मला मान्य आहे. पण ‘पकडले जाऊ नये’ हा हेतू त्या यादीत बसत नाही.

केरूनानांच्या बाजूलाही एक गुंता होता. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले अंतर, ते खरे किंवा खोटे असते. पण राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा हा निरीक्षणाचा प्रश्नच नव्हे, तो ठरवण्याचा प्रश्न आहे. केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा आरंभ मानला. त्यामुळे ग्रहलाघवी पंचांगाशी सुमारे चार अंशांचा फरक पडला आणि संक्रांती चार दिवस आधी येऊ लागल्या. त्या परंपरेतल्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते ती त्यामुळे. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो आणि कोकणातल्या काही घरांत गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतो! बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर हे तर ‘ज्योतिर्गणितम्’सारखा ग्रंथ लिहिणारे मोठे गणिती; त्यांनी चित्रा ताऱ्याचा पक्ष घेतला. आज महाराष्ट्रात बहुतेक पंचांगे त्या बाजूची आहेत. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी तिसरीच वाट धरली. ऋतू आणि महिने यांची सांगड कायम राहावी हा त्यांचा हेतू, म्हणून संपातापासूनच मोजायचे. शके १८०६ पासून त्यांनी सायन पंचांग काढले. त्यात मकरसंक्रांत २१-२२ डिसेंबरला, जेव्हा दिवस खरोखर मोठा होऊ लागतो. दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठीत लिहिलेल्या थोर ग्रंथांपैकी एक आहे, आणि तो लिहिणारा माणूस शाळाखात्यात नोकरी करून ४५ व्या वर्षी वारला, हे आठवले की मन खट्टू होते.

या वादाची शोकांतिका अशी की दोन वेगळी भांडणे एकाच नावाने चालली. चंद्र कुठे आहे, हे भांडण वेधांनी मिटणारे होते. आरंभबिंदू कुठला, हे वेधांनी मिटणारे नव्हते. तिथे कोणत्या कामासाठी मोजायचे आहे हे आधी सांगून मग बसून ठरवायला हवे होते. पहिल्या भांडणात लोक एकमत शोधत राहिले आणि दुसऱ्यात पुरावे. १९०४ च्या मुंबईच्या ज्योतिष परिषदेत टिळकांनी लक्ष घातले, पुढेही परिषदा भरल्या, पण महाराष्ट्राचे एक पंचांग काही झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हेही होते. देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालू असल्याचे समितीला आढळले. १९५५ च्या अहवालात तिने दोन्ही भांडणे वेगळी केली, आणि माझ्या मते हेच तिचे मोठे काम. चंद्र-सूर्याची स्थाने आधुनिक गणिताची, त्यात तडजोड नाही. सरकारी सौर दिनांक संपातापासून, २२ मार्च १९५७ पासून सुरू. धार्मिक कामासाठी मात्र २३ अंश १५ कला एवढे अंतर सोडून मोजायचे, आणि ही तडजोड आहे असे सांगून. स्थानही ठरवले: साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश आणि उज्जैनचा अक्षांश. लुथरपंथीयांच्या उरानिबोर्गसारखेच हे!

गाऊसनेही पुढे असाच प्रामाणिकपणा दाखवला. मोजमापात चुका असतातच; पाच मापांतून एक ‘सर्वोत्तम’ माप कसे काढायचे? त्याची न्यूनतम वर्गांची पद्धत आज प्रत्येक इंजिनिअर वापरतो. १८०९ च्या ग्रंथात त्याने तिला ‘सर्वांत संभाव्य उत्तर’ म्हणून पुढे केले होते. १८२१ ते १८२३ च्या सुमारास त्याने मांडणी बदलली: मोजणे म्हणजे असा खेळ की ज्यात फक्त हरताच येते, तेव्हा कमीत कमी हरायचे, पण चुकीची किंमत किती धरायची, चुकीएवढी की तिच्या वर्गाएवढी, हे निसर्ग सांगत नाही, ते आपण निवडतो. लाप्लासने वेगळी निवड केली होती. गाऊसने वर्ग निवडला तो गणिताला सोपा म्हणून, आणि निवड थोडी मनमानी आहे हे त्याने लपवले नाही.

आता आपल्या घरात येऊ. २०२४ सालची दिवाळी आठवा. अमावास्या १ नोव्हेंबरला भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सव्वासहापर्यंत होती. महाराष्ट्रात सूर्यास्तानंतर ती थोडा वेळ राहत असल्याने तिथल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले. देशात अनेक ठिकाणी ते ३१ ऑक्टोबरला झाले. अमावास्या संपण्याचा तोच क्षण ब्राउनश्वाइगमध्ये दुपारी पावणेदोनचा. म्हणजे १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी इथे अमावास्या उरलीच नव्हती, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी होती. पुण्याच्याच पंचांगाचा नियम इथल्या सूर्यास्ताला लावला तर उत्तर ३१ ऑक्टोबर. पुण्याला आईबाबा पूजा करतील त्याच दिवशी करायची तर १ नोव्हेंबर. आणि मंडळाचा हॉल मिळणार शनिवारी, २ तारखेला!

यातले चूक कोणते? तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात, कारण प्रश्न तीन आहेत: आकाशात काय आहे, घरच्यांबरोबर कधी, आणि सर्वांना कधी जमेल. आपली मुले विचारतात, ‘आज खरी दिवाळी आहे का?’ तेव्हा त्यांना हे तीन प्रश्न वेगळे करून सांगावेत असे मला वाटते. ‘तिकडच्या पंचांगात आहे म्हणून इथे आज अमावास्या आहे’ असे मात्र सांगू नये. ज्या मुलाने शाळेत चंद्राच्या कला शिकल्या आहेत, त्याला ते पटत नाही, आणि मग तो पूजेलाही त्याच मापाने तोलू लागतो. संकष्टीचेही तसेच. जून-जुलैत इथे त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. काही घरांत इथला चंद्र पाहूनच उपास सोडतात, काहींत पुण्याची वेळ धरून दुपारी-संध्याकाळीच. पुण्याची वेळ धरणारे कमी श्रद्धाळू नाहीत. त्यांनी ठरवलेला चंद्र घेतला आहे, एवढेच.

गाऊसचे जन्मघर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबवर्षावात गेले. गाऊसबेर्गवरचा १८८० सालचा पुतळा उभा आहे. त्यावरची सतरा टोकांची चांदणी मुलांना शोधायला लावावी. पण ठरवणे आणि मोजणे यांची ओढाताण या गावात अजून जिवंत आहे. गावाबाहेरच्या फेडरल मापनसंस्थेत, पीटीबीमध्ये, जर्मनीची कायदेशीर वेळ अणुघड्याळांवर ठेवली जाते. तिथून ठरलेली वेळ फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनच्या प्रक्षेपकावरून सर्वत्र जाते, आणि आपल्या स्वयंपाकघरातली रेडिओ-घड्याळे रात्री आपोआप तिच्याशी जुळतात. पृथ्वीचे फिरणे अणुघड्याळाइतके नियमित नाही. म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक ‘अधिक सेकंद’ घालून घड्याळ आकाशाशी जुळवून घेतले जाई, आपल्या अधिक महिन्यासारखेच. असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. संगणकांच्या जाळ्यांना या मधल्या सेकंदाचा फार त्रास होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले की २०३५ पर्यंत घड्याळ आणि आकाश यांच्यातला फरक आजच्यापेक्षा जास्त वाढू द्यायचा. किती वाढू द्यायचा, हे अजून ठरायचे आहे.